शिल्पात रेषा, तोल, लय नेमकं कुठे बघायचं? (ग्वाल्हेरवाल्यांनी खास सांगा)

ओली_माती

नमस्कार मंडळी, मी ग्वाल्हेरची, लष्कर भागात राहते, बीएफएच्या पहिल्या वर्षाला आहे आणि पुढे शिल्पकलाच घ्यायची हे पक्कं ठरवलंय. थिअरीमधे डिझाइनचे घटक नि तत्त्वं सगळी पाठ आहेत, रेषा, आकार, पोत, अवकाश, तोल, लय, प्रमाण, विरोध, एकता, पेपरात लिहिते आणि मार्कही मिळतात. चित्र काढताना ते सगळं वापरताही येतं. पण मातीसमोर उभी राहिले की त्यातलं एकही कामाला येत नाही, मातीत रेषा कुठे असते हेच कळत नाही.

सध्या बसलेली बाई करतेय, दीडेक फुटाची, मंडईतली भाजीवाली, एक गुडघा वर घेतलेला, एक हात त्या गुडघ्यावर आणि दुसरा पुढे तराजूकडे. समोरून सगळ्यांना आवडते. पण स्टँड फिरवला की बाजूने काहीच घडत नाही, आणि पाठ तर नुसती भिंत. सर आले, बघितलं, "तू मातीत चित्र काढतेयस" एवढंच म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

तर मला विचारायचंय की शिल्पात रेषा म्हणजे नक्की काय धरायचं, तोल म्हणजे दोन्ही बाजू सारख्या जड असंच का, आणि ती निगेटिव्ह स्पेस, म्हणजे अवयवांच्या मधली मोकळी जागा, मुद्दाम बनवायची असते की आपोआप उरते? आणि आपल्या ग्वाल्हेरात हे बघायला कुठे जाऊ? फोटो खूप बघितले पण फोटोत परत ते चित्रच होतं ना.

छिन्नी_हातोडा

अगं सरांनी सांगितलं ते बरोबर आहे, फक्त पुढचं सांगायचं राहिलं, ते मी सांगतो. मी दगडात आणि थोडंफार धातूत काम करतो, आपल्याकडचा मिंट स्टोनच जास्त.

रेषेपासून सुरू करू. मातीवर रेषा काढायची नसते, ती कडेला असते. तू जिथे उभी आहेस तिथून मूर्ती जिथे संपते आणि मागची हवा सुरू होते, ती कड म्हणजे तुझी रेषा. एक पाऊल सरकलीस की ती बदलते, म्हणजे एका मूर्तीत शेकडो रेषा झाल्या आणि त्यातली प्रत्येक सांभाळायची जबाबदारी तुझी. तू त्यातली फक्त एकच, समोरची सांभाळलीस, म्हणून बाकीच्या मेल्या. आज असं कर, खोलीत अंधार कर, मूर्तीच्या मागे एक दिवा लाव आणि स्टँड थोडा थोडा फिरवत नुसती काळी आकृती कागदावर उतरव. समोर, अर्धी वळलेली, पूर्ण बाजू, मागून अर्धी, पूर्ण पाठ, अशी गोल फिरून परत समोर ये. चेहरा नको, घड्या नकोत, फक्त काळा आकार. ज्या कागदावरून बाई बसलीय हे ओळखू येत नाही तिथली माती अजून झालेली नाही. हे मी रोज करतो, दगडात तर करावंच लागतं कारण तिथे काढलेलं परत लावता येत नाही.

मग छायाप्रकाश. चित्रकाराकडे काळा रंग असतो, आपल्याकडे खड्डा असतो. डोळ्याचंच बघ. बुबुळ काळं दिसायला हवं पण माती सगळी एकाच रंगाची, मग काय करायचं? रोमन शिल्पकार हेड्रियन सम्राटाच्या काळापासून, म्हणजे दुसऱ्या शतकात, संगमरवरात बुबुळाची कड कोरायला लागले आणि बाहुलीच्या जागी खोल भोक पाडायला लागले, त्या भोकात सावली साठते आणि लांबून नजर दिसते. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची बाहुली जवळून बघितलीस तर ती पत्त्यातल्या बदामाच्या आकारात कोरलीय, वरून थोडासा दगड आत राहू दिलाय, त्याच्यावर उजेड पडतो आणि डोळ्यात चमक आल्यासारखी वाटते. एवढ्याशा जागेत रेषा, सावली, विरोध सगळं आहे! तुझ्या भाजीवालीच्या पदराची घडी अशीच कर, वरचा कंगोरा किती वर आहे यापेक्षा आतली खाच किती खोल गेली ते महत्त्वाचं. नवी मुलं वरून मातीच्या वळ्या चिकटवतात आणि त्याला घडी म्हणतात, त्याने काही होत नाही.

आता तोल. दोन्ही बाजू सारख्या हा तोलाचा एक प्रकार झाला, आणि तो शांत बसलेल्या किंवा ध्यानस्थ मूर्तीला शोभतो. तुझी बाई कामात आहे. तिचं वजन कुठे पडतंय ते आधी शोध. उभी आकृती एका पायावर भार देऊन असेल तर गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला की तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ येतो, नाही आला तर मूर्ती पडतेय असं वाटणारच, बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण खटकतं. बसलेल्या आकृतीत भार बुडावर आणि टेकलेल्या पावलावर वाटला जातो, एक गुडघा वर आला की त्या बाजूची कंबर उचलली जाते आणि मग खांदा उलट बाजूला कलतो. मला जवळजवळ खात्री आहे की तुझ्या मूर्तीत खांद्याची आडवी रेघ आणि कंबरेची आडवी रेघ समांतर आहेत. तपास. मंडईत जाऊन एखादी बाई वजन करताना नीट बघ, हात पुढे गेला की पाठीचा कणा वळतो, भार एका बाजूच्या बुडावर सरकतो. तुझी पाठ भिंत झालीय कारण कण्याला काम दिलेलं नाहीस.

आणि तोल हा नुसता डोळ्यांचा नसतो, खऱ्या वजनाचा पण असतो हे चित्रकारांना कधी कळत नाही. ग्रीकांचे कितीतरी पुतळे मुळात ब्राँझचे होते, आतून पोकळ, त्यामुळे दोन घोट्यांवर आरामात उभे राहायचे. रोमनांनी त्यांच्या नकला संगमरवरात केल्या तेव्हा घोटे तुटायची भीती, म्हणून पायाला लागून झाडाचा बुंधा आला, मनगट आणि मांडीच्या मधे दगडाचा आडवा दांडा ठेवावा लागला. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लायटसच्या भालेकऱ्याची जी नक्कल नेपल्सला आहे तिच्यात हे सगळं दिसतं. सेंट पीटर्सबर्गला फाल्कोने या फ्रेंच शिल्पकाराने केलेला झार पीटरचा अश्वारूढ पुतळा आहे, १७८२ सालचा, घोडा मागच्या दोन पायांवर उभा आणि पायाखाली साप. तो साप गोष्टीतला शत्रू तर आहेच, पण घोड्याची शेपटी त्याला टेकते आणि तिसरा आधार मिळतो. मला असले उपाय फार आवडतात, गरज आणि अर्थ एकाच जागी येतात.

दाणाओळीची_आत्या

छिन्नीदादांनी छान समजावलंय. मी शिल्पकार नाही, इतिहास शिकवायचे, आता रिटायर आहे आणि गुजरी महालात अजूनही जाते, तेव्हा कुठे जायचं ते मी सांगते.

आधी गुजरी महालच. मानसिंह तोमरांनी मृगनयनीसाठी बांधलेला तो महाल, आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे झाडाखाली उभ्या बाईची मूर्ती, वेगळ्या बंदोबस्तात ठेवलेली असते, ती बघितल्याशिवाय परत येऊ नकोस. साधारण दहाव्या शतकातली. हात गेलेत, पायही गेलेत, धड आणि डोकं एवढंच उरलंय. तरी ती उभी आहे असं वाटतं! कंबर एका बाजूला गेलीय, वरचं धड उलट वळलंय आणि मान परत वेगळी कलली. याला त्रिभंग म्हणतात हे तू वाचलं असशीलच, पण तिथे उभं राहून नुसता मधला अक्ष नजरेने वरून खाली आण, गळ्यापासून बेंबीपर्यंत आणि तिथून मांडीपर्यंत, मग कळेल की लय कुठे असते. हातपाय नसूनही लय शाबूत राहिली कारण ती हातापायांत नव्हतीच, धडात होती. अंगावरचं वस्त्र जवळजवळ कळतच नाही, दागिन्यांची बारीक कोर आणि शेजारी गुळगुळीत कातडी, पोताचा विरोध म्हणतात तो हा.

मग त्याच संग्रहालयात पवायाची तुळई बघ. पवाया म्हणजे जुनी पद्मावती, आपल्याच जिल्ह्यात, डबऱ्याच्या बाजूला. गुप्तकाळातला दगड, मधे एक बाई नाचतेय आणि भोवती बायका वाद्यं घेऊन बसल्यात, वीणा आहे, बासरी आहे, ढोल आहेत. आणि ओली_माती, इथे मी छिन्नीदादांशी आणि तुझ्या सरांशीही थोडी भांडणार आहे. ही तुळई चारी बाजूंनी फिरून बघायची वस्तूच नाही. ती दारावर उंच बसवलेली होती, खालून उभं राहूनच दिसणार होती. आपल्याकडचं बहुतेक मंदिरशिल्प असंच भिंतीला धरून आहे. म्हणून ते काही मातीत काढलेलं चित्र होत नाही. त्या तुळईत बघ, किती कमी खोलीत किती माणसं बसवलीत, पुढची मांडी जवळजवळ सुटी आणि मागचं डोकं जेमतेम वर आलेलं. बसलेल्या बायकांची डोकी, खांदे, गुडघे असे एकामागून एक येतात आणि मधे नाचणारी येते तिथे नजर थांबते. प्राधान्य कसं द्यायचं ते शिकायला याहून चांगली जागा नाही. तेव्हा राऊंड, म्हणजे चारी बाजूंनी सुटं शिल्प, वरच्या दर्जाचं आणि रिलीफ, म्हणजे पाठीला धरून उठावाचं, खालच्या असं डोक्यात घेऊ नकोस गं.

नंतर किल्ल्यावर जा पण उरवाई दरवाज्याच्या रस्त्याने जा, गाडीने भुर्रकन वर जाऊ नकोस. तिथल्या जैन मूर्ती पंधराव्या शतकातल्या, डूंगरसिंह आणि कीर्तिसिंह तोमरांच्या काळात डोंगरातच कोरलेल्या. उभे आदिनाथ सत्तावन्न फुटांच्या आसपास आहेत. दोन्ही हात सरळ खाली, दोन्ही पाय सारखे, कुठेही वळण नाही. तू तोलाबद्दल विचारलंस ना, दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या की काय मिळतं ते इथे दिसतं. इतक्या मोठ्या आकाराला जरा जरी कमरेत वाकवलं असतं तर ती स्थिरता गेली असती. बाबर इथे आला होता आणि त्याने या मूर्ती फोडायला लावल्या, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, बरेच चेहरे नंतर बसवलेले किंवा डागडुजी केलेले आहेत. तर चेहऱ्यावरून मूळ शिल्पकाराची परीक्षा करू नकोस, खांदे, छाती आणि हात बघ. एकदा सकाळी जा आणि एकदा उन्हं कलल्यावर जा, तीच मूर्ती वेगळी दिसते.

वर गेल्यावर वेळ असेल तर सासबहू मंदिर बघ, १०९३ चं, तिथल्या खांबांवर आणि छतावर एकच नक्षी परत परत येऊन लय कशी तयार होते ते दिसेल. आणि लगेच तेली मंदिरासमोर उभी राहा, तिथे नुसतं वस्तुमान आहे, दगडाचा एकच मोठा उभा डोंगर. दोन्ही एकाच किल्ल्यावर पायी अंतरात आहेत, आपण ग्वाल्हेरचे लोक याचा फायदा घेत नाही.

छिन्नी_हातोडा

आत्या, तुळईबद्दल तुमचं म्हणणं एकदम मान्य. मी रिलीफला कमी लेखत नाहीये, चांगला रिलीफ तर राऊंडपेक्षा अवघड, इंचभर खोलीत चार थर बसवायचे म्हणजे चेष्टा नाही. पण हिची मूर्ती फिरत्या स्टँडवर ठेवलेली आहे, लोक मागून येणार आहेत. देवळावरच्या शिल्पकाराला बघणारा कुठे उभा राहणार हे माहीत होतं, त्याने तेवढ्याच जागेचा विचार केला. हिनेही बघणारा कुठून येणार ते आधी ठरवावं, हाच माझा मुद्दा. ठरवून एका बाजूने केलेलं आणि दुसऱ्या बाजूचा विचारच न करता केलेलं, यात फरक आहे ना.

बडोदेकर_माती

मी मूळचा ग्वाल्हेरचा, शिंदे की छावणीतला, आता कामामुळे बडोद्यात असतो. पोकळीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

पोकळी आपोआप उरत नाही, ती घडवावी लागते, हाताइतकीच काळजीपूर्वक. चोळ काळातला ब्राँझचा नटराज डोळ्यासमोर आण. उचललेला पाय आणि टेकलेला पाय यांच्यामधली जागा, हात आणि प्रभावळीच्या मधली जागा, या सगळ्या जागांना स्वतःचे आकार आहेत, कुठे अरुंद, कुठे एकदम मोकळ्या, आणि नाच त्या मोकळ्या जागांमुळे दिसतो. त्या पोकळ्या भरून टाकल्या तर तबकडीवरची नक्षी होईल. युरोपात हे सरळ भोक पाडण्यापर्यंत गेलं, बार्बरा हेपवर्थने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दगडाला आरपार भोक पाडलं आणि हेन्री मूर तर पुढे आयुष्यभर त्या भोकांबरोबर काम करत राहिला, त्याच्या आडव्या पडलेल्या बायकांमधे गुडघ्याखालची जागा बघ, डोंगरातली गुहा वाटते.

तुझ्या भाजीवालीकडे अशा तीन जागा तर आहेतच, वर घेतलेल्या गुडघ्याखालचा त्रिकोण, गुडघ्यावरच्या हाताचं कोपर आणि छाती यांच्यामधली जागा, आणि पुढे गेलेल्या हाताखालची. मी पैजेवर सांगतो की तिन्ही मातीने भरलेल्या असणार, कारण माती पडेल या भीतीने सगळेच भरतात. त्यातली एकच आरपार उघड. तिन्ही उघडल्यास तर मूर्ती विस्कटेल. एक आरपार, एक नुसती खोल आणि एक बंद, असं ठेवलं की मोठं, मधलं, लहान असा क्रमही आपोआप लागतो.

पोताबद्दल एक सांगतो. मूर्ती सगळीकडे स्पंजने पुसून गुळगुळीत करू नकोस ही हात जोडून विनंती. रामकिंकर बैजांचं शांतिनिकेतनमधलं 'संथाळ कुटुंब' हे शिल्प १९३८ चं, सिमेंटमधे लाल मुरमाचे खडे मिसळून थर फेकून केलंय. जवळ गेलं की खडबडीत, हाताला टोचेल असं, आणि चार पावलं मागे आलं की चालणारी माणसं. कष्टकरी माणसाला ते कातडं शोभतं. त्यांच्याच हाताखाली शिकलेले शंखो चौधुरी पुढे आमच्या बडोद्याच्या फाइन आर्ट्सला शिल्प विभागाचे प्रमुख झाले, त्यांच्या कामात मात्र पृष्ठभाग साधे, मोठे आणि वाहते आहेत. गुरूचा पोत शिष्याने जसाच्या तसा घेतला नाही, विषयाला लागेल तो घेतला. तुझी भाजीवाली आहे, तिच्या अंगावर बोटांचे ठसे राहू देत, फक्त तराजू स्वच्छ आणि नीट कर, विरोध तिथेच मिळेल.

प्रमाणाचं थोडक्यात. आपल्याकडे ताल मोजतात, चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, बारा अंगुळं, नवताल मूर्ती म्हणजे १०८ अंगुळं. पण मोजमाप पक्कं असलं तरी बघण्याची जागा लक्षात ठेवावी लागते. डेव्हिड मुळात फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवर उंच बसवायचा म्हणून सांगितला होता, त्याचं डोकं आणि उजवा हात अंगाच्या मानाने मोठे आहेत. तुझी मूर्ती टेबलावर ठेवणार असशील तर लोक तिला वरून बघणार, म्हणजे डोक्याचा माथा, खांदे आणि गुडघा हेच आधी दिसणार. काम करताना अधूनमधून स्टूलवर चढून बघत जा.

ओली_माती

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, मी एवढ्याची अपेक्षाच केली नव्हती. दिव्याचं काल रात्रीच करून बघितलं, खांदा आणि कंबर खरंच समांतर निघाले, आणि मागून अर्धी वळलेली बाजू तर कागदावर नुसता लाडू आला. आता कणा वळवायचा तर मातीला आधार देणारी आतली तार सरळ आहे, माती ओढून वळवली तर तार बाहेर येतेय. सगळं काढून परत करू का? आणि कोपराखालची जागा आरपार उघडली तर पुढे प्लास्टरचा साचा घ्यायचाय, वर्गातले म्हणतात भोक ठेवलंस तर साचा निघणारच नाही.

छिन्नी_हातोडा

तार सरळ असेल तर माती उतरवच, मातीचा मोह धरू नकोस, ती परत लागते. पाठीची तार आधीच वळवून घे, कंबर एकीकडे आणि मान दुसरीकडे, नुसत्या तारेकडे बघूनच बाई काय करतेय ते कळलं पाहिजे. मग माती लाव, मोठे ठोकळे आधी, छाती, कंबर, डोकं, तीनच, आणि ते एकमेकांशी कसे कललेत ते पक्कं होईपर्यंत नाक-डोळ्यांना हात लावू नकोस. छातीच्या आत दोन लाकडी पट्ट्यांची फुली तारेने लटकव, म्हणजे ओली माती खाली सरकत नाही. रात्री ओलं फडकं आणि वरून प्लॅस्टिक, हल्ली इकडे हवा कोरडी आहे, बोटं आणि तराजूची दोरी सगळ्यात आधी फुटतील.

साच्याचं म्हणणाऱ्यांचं अर्धं खरं आहे. दोनच तुकड्यांचा साचा घेतलास तर अडेल. पण आरपार जागेसाठी वेगळा तुकडा करता येतो, कोपराखालच्या भोकात मधोमध पातळ पत्र्याच्या पट्ट्यांची कड लावायची आणि दोन्ही बाजूंनी वेगवेगळा तुकडा घ्यायचा. तुझा हा वेस्ट मोल्डच असणार ना, म्हणजे शेवटी साचा फोडूनच मूर्ती बाहेर येणार, मग तर काळजीच नको. फोडताना तेवढ्या हाताजवळ छिन्नी जपून चालव, आणि ओतायच्या आधी त्या हातात तारेचा गज घाल.

दाणाओळीची_आत्या

आणि गुजरी महाल सोमवारी बंद असतो, त्या दिवशी जाऊ नकोस. वही पेन्सिल बरोबर ठेव, शालभंजिकेपाशी फोटोपेक्षा तेच कामाला येईल.

ओली_माती

मंगळवारी सकाळी जाते आत्या, आधी उरवाई आणि मग गुजरी महाल. तार आजच वळवायला घेते.